सुलतानाचं दार

दारावरचा निळा रंग अजून टिकून आहे. कडेनं पोपडे सुटलेत, मधल्या फळीवरचं सोनेरी फूल अर्धंच उरलंय, पण ज्यानं ते पूर्ण पाहिलंय त्याला अजून फूलच दिसतं. मी या दारासमोर जमिनीवर बसले आहे. आत माझा दादा आहे. बाहेरचं कुलूप काढून झालं, कडी काढून झाली, तरी दार उघडत नाही, कारण त्यानं आतून खाट लावली आहे आणि खाटेवर धानाचं पोतं टाकलं आहे.

त्याला न्यायला भंडाऱ्याहून गाडी आली आहे. गल्लीत शिरत नाही म्हणून शाळेपाशी उभी केली आहे. गाडीबरोबर आलेला दवाखान्याचा माणूस तसा सालस वाटला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, सुई देऊन नेता येते. फक्त धरायला चार माणसं लागतील." शेजारचे सोमाकाका लगेच म्हणाले, "पोट्टे हायेत ना मंडईत. बलावतो." मी म्हटलं, मला अर्धा तास द्या. सोमाकाका फाटकाकडे गेले. माय गेल्यापासून तीन महिने तेच दादाला खिडकीतून जेवण देतात, त्यामुळे त्यांच्यापुढे माझं तोंड तसं फार चालत नाही.

आज गावची मंडई. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. गोवारी, म्हणजे गुराखी, मोरपिसांनी सजवलेली बांबूची ढाल नाचवतात, लेकी माहेरी येतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिलेबी आणि बांगड्यांची दुकानं लागतात, आणि दुपारभर दंडार चालते, म्हणजे आमच्याकडचं नाच-गाण्याचं उघड्यावरचं नाटक. मी मुद्दाम हा दिवस धरला नव्हता. दवाखान्यात जागा आजचीच मिळाली. आता ढोलकीचा आवाज सरळ अंगणात येतो आहे, त्यामागून उकडलेल्या शिंगाड्यांचा तो गोडसर, तळ्याच्या गाळाचा वास. आणि मला वाटतंय की हा आवाज, हा वास दादापर्यंतही पोचत असणार. तो काय समजत असेल, कोण जाणे.

मीही काय समजावं ते मला कळत नाही. मी तुमसरच्या शाळेत इतिहास शिकवते. घडलं ते घडलं, असं मुलांना सांगते. आणि इथे या दारापुढे बसून हात जोडून म्हणते आहे की काहीतरी न घडलेलं घडू दे.

हे दार रंगलं ते सुलतानाच्या मायपायी.

मी सहावीत होते तेव्हा. दादा बारावीला. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि माय घरी विड्या वळायची. आमच्या घराला तेव्हा तेंदूच्या पानांचा आणि जर्द्याचा वास होता. भिजवलेल्या पानांचा ओला, तंबाखूचा कोरडा, असे दोन वास एकात एक गुंतलेले. मायच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटांत दोरा. ती बोलायची, रागवायची, ऐकायची, पण हात थांबायचे नाहीत. आंघोळ करून आली तरी तिच्या बोटांना तो वास असायचा. माझ्या लेखी आईचा वास म्हणजे तोच. माझ्या सासरी तंबाखूचं कोणी नाव काढत नाही. तरी एखाद्या टपरीवरून जाताना मी उगाच दोन पावलं हळू चालते.

दंडारीचं लिखाण गुरुजींकडे असायचं. विहाराला लागून त्यांचं घर. शाळेत शिकवायचे आणि तुमसरच्या रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं पुस्तकं आणायचे. त्या वर्षी त्यांना एक कव्हर गेलेलं हिंदी पुस्तक सापडलं. तुर्कस्तानच्या सुलतानांचं. भादव्यात धानाची रोवणी, म्हणजे लावणी, संपून गाव जरा मोकळं झालं, बांधांवर फुलोऱ्यात आलेल्या धानाचा दुधाळ वास सुटला, तेव्हा गुरुजी रोज दुपारी आमच्या ओसरीवर येऊन बसत आणि त्या पुस्तकातली एक बाई सांगत.

बाई कुठल्याशा बेटावरची. लहान असताना माणसं पळवणाऱ्यांनी उचलली, विकली, इस्तंबूलच्या राजवाड्यात आणली. तिथे तिला नवं नाव दिलं, नवी भाषा दिली, शिवणटिपण शिकवलं. मायनं तिथेच गुरुजींना थांबवलं.

"आंदीचं नाव काय होतं तिचं?"

"ते कुणालाच माहीत नाही," गुरुजी म्हणाले.

"म्हंजे तिच्या मायले बी कधी समजलं नसन, पोरगी कोठी गेली ते."

गुरुजींनी पुस्तक मांडीवर पालथं घातलं. हे त्यात लिहिलेलं नव्हतं. माय विडीला दोरा बांधत राहिली. मला आठवतं, त्या दिवशी गुरुजी पुढचं न सांगताच चहा पिऊन गेले.

मग रोज थोडं थोडं. ती सुलतानाची लाडकी झाली. तिला मुलं झाली. सुलतान मेला आणि तिला जुन्या वाड्यात पाठवलं. नवरा गेलेल्या बायांचा तो वाडा, त्याला तिथले लोक आसवांचा वाडा म्हणत. तिथे ती थांबून राहिली, आणि तिचा अकरा वर्षांचा पोरगा गादीवर बसला तेव्हा जुन्या वाड्यातून नव्या वाड्यात मिरवत गेली. पोरगा लहान, म्हणून राज्य तिनं चालवलं. पडद्याआड बसून. मोठमोठे वजीर पडद्यापुढे उभे राहून बोलायचे आणि उत्तर पडद्यातून यायचं. तिनं कारंजी बांधली, पाणपोया बांधल्या, गोरगरिबांसाठी जेवणाची घरं चालवली. दरवर्षी स्वतः तुरुंगात जाऊन कैदी सोडवून आणायची. अनाथ पोरींची लग्नं लावायची. आपल्या दासींना काही वर्षांनी मोकळं करून संसाराला लावायची.

"पान्याचं केलं, हे बेस केलं तिनं," माय म्हणायची. आणि एकदा, सूप बाजूला ठेवून, "पन पडद्याआडून बोलाचं म्हंजे आवाज दनकट पाहिजे, गुरुजी."

गुरुजींना बहुधा तेव्हाच सुचलं.

तोवर आमच्या दंडारीत बायांची कामं पुरुषच करत. गुरुजींनी चावडीवर सांगितलं की ही बाई मिशी भादरलेल्या माणसाला जमणारी नाही. आठ दिवस गाव नाही म्हणत होतं, आठ दिवस माय नाही म्हणत होती. मग दादाला सुलतान ठरवलं. दादा दिसायलाच तसा होता, उंच, लांब हाताचा, हसताना मान खाली घालणारा. त्याचं नाव पक्कं झाल्याचं कळलं तशी माय एकदम म्हणाली, "मंग त्याची माय दुसरी कोन होईन?" त्यानंतर गावात कोणी काही बोललं नाही.

वजीर सोमाकाका झाले. त्यांच्या आवाजाला गावात तोड नव्हती. पडदा म्हणून आमची मच्छरदाणी. आणि मी त्या बाईचा सात वर्षांचा नातू. मला एकच वाक्य होतं, तेही शेवटी, आणि मी ते महिनाभर विहिरीवर, तळ्यावर, गोठ्यात म्हणत फिरले.

राहिलं दार. गुरुजी म्हणाले, बाकी काही नसलं तरी चालेल, दार पाहिजे. कारण गोष्टच दाराची होती. थोरल्या पोराच्या राज्यात त्यानं आपले भाऊ एकेक करून मारले. धाकटा तेवढा मायच्या सांगण्यानं वाचला, पण कोंडलेला. थोरला वारला तेव्हा वजीर धाकट्याला गादीवर बसवायला आले, तर तो बाहेरच येईना. त्याला वाटलं, मारायलाच आलेत. आतून दार लावून बसला. शेवटी माय दारापाशी गेली आणि तिनं हाक मारली. हा पहिला प्रवेश. दुसऱ्यात तोच सुलतान राज्य करताना पार बिघडतो, लोक त्रासतात, आणि वजीर मायला विचारायला येतात की याला गादीवरून काढून याच्या लहान पोराला बसवायचं का. तिच्या होकाराशिवाय कोणाची हिंमत नसते. ती खूप वेळ नाही म्हणते. आणि शेवटी म्हणते, न्या त्याला. पुन्हा तोच दरवाजा बंद होतो.

सोमाकाकांनी आमच्या धानाच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं. गुरुजींनी त्याला निळा दिला आणि गणपतीच्या रंगातल्या उरलेल्या सोनेरीनं फुलं काढली. रंग ओला असताना मी एका पाकळीला बोट लावलं आणि मार खाल्ला. ते बोट अजून आहे, खालच्या डाव्या फुलावर. आता पाहिलं तर एवढंसं बोट.

मायला वाचता येत नव्हतं. तिचं काम दादानं पाठ करून घेतलं. रंगवलेलं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं, दादा त्याच्या मागे सांदीत शिरायचा आणि माय पुढे बसायची, पाठ दाराला, मांडीवर सूप. ती म्हणायची आणि अडली की दारामागून त्याचा दबका आवाज यायचा. "'आपला शब्द' म्हण, माय. 'आपला शब्द शिरसावंद्य' म्हण." माय म्हणायची, "काहून रे, हे कोन बोलते असं?" तो म्हणायचा, "इस्तंबूलात बोलतात." दोघं हसायची. विडीचा दोरा सुटायचा. आमच्या घरात इतकं हसू त्याआधी नव्हतं आणि त्यानंतर तर नाहीच. त्या दुपारी मला परत कोणी दिल्या तर मी त्यांच्या बदल्यात काहीही देईन, असं मनात येतं, आणि मग वाटतं की माझ्याकडे देण्यासारखं आहे काय.

शेवटचं वाक्य मात्र ती तालमीत कधी म्हणाली नाही. "ते मी तवा म्हनीन," म्हणायची.

मंडईचा दिवस उजाडला. सानगडीपर्यंतच्या गावांतून बैलगाड्या आल्या. चिंचेखाली मैदान, गोल करून बसलेली माणसं, धुळीत सांडलेल्या जिलेबीच्या पाकावर मधमाश्या. दोन माणसांनी मागून बांबू लावून दार उभं धरलं. मायनं कोशाचं रेशमी लुगडं नेसलं होतं, शेजारणीचं. गळ्यात फुलांच्या देठांची माळ. ती दारापाशी आली तेव्हा गोलातली माणसं पुढे सरकून बसली.

गुरुजींनी लिहिलेलं वाक्य असं होतं: बाहेर या बादशहा, आता आपल्याला मारणारं कोणी उरलेलं नाही. माय दाराला हात लावून म्हणाली, "बाहीर ये, बाबू. आता तुले मारनारं कोनी नाई. माय उभी हाये बाहीर."

दार उघडलं. दादा आला. पुस्तकात सुलतान आईच्या हाताचं चुंबन घेतो, पण जाणत्या माणसांनी तालमीतच सांगितलं होतं की आईच्या हाताचा मुका बरा दिसत नाही, त्यापेक्षा पाय धू दे. म्हणून सोमाकाका वजीर पाण्यानं भरलेला पितळेचा गडवा घेऊन पुढे झाले आणि दादानं गुडघे टेकून मायचे पाय धुतले. तिच्या भेगा पडलेल्या टाचांवरून पाणी मातीत गेलं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावून रडत होत्या.

मग दुसरा प्रवेश. दादा दाराआड, माय मच्छरदाणीत, मी तिच्या मागे नातू होऊन, डोक्याला टॉवेलचा फेटा. सोमाकाका गरजले, "मासाहेब, राज्य बुडून राहिलं. आपली परवानगी आहे का? न्यायचं का त्याला?"

माय गप्प.

सोमाकाकांनी पुन्हा विचारलं. मला तिची पाठ दिसत होती. चोळीवर घामाचा डाग वाढत चालला होता. आणि मला दाराआडून दादाचा आवाज ऐकू येत होता, अगदी हळू, नेहमीसारखा. "'न्या त्याला' म्हण, माय. 'न्या त्याला' म्हण ना." लोकांना वाटत होतं, ती फार छान काम करते आहे. मला माहीत होतं की काम संपलंय.

तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं मच्छरदाणी हातानं बाजूला केली. "मी नाई देत," ती म्हणाली. "माहा पोरगा हाये. मी नाई देत, जा."

गुरुजी ढोलकीवाल्याजवळ उभे होते. त्यांनी कपाळावर हात मारला आणि दुसऱ्याच क्षणी ढोलकीला खूण केली. गाणं सुरू झालं. दंडार तिथेच संपली. सुलतान गादीवरच राहिला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मायला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. माझं वाक्य मात्र तसंच राहिलं. मी घरी येऊन न जेवता झोपले. दादा उशाशी येऊन म्हणाला, "तुझं वाक्य मला म्हणून दाखव." मी तोंड फिरवलं. तेवढं एक मी म्हणायला हवं होतं.

आमच्या गावात आजही कोणालाही विचारा. तुर्कस्तानच्या सुलतानाच्या आईनं आपला पोरगा वजिरांना दिला नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अख्ख्या जगात हा इतिहास फक्त आमच्या गावात असा घडला.

दार पुन्हा धानाच्या खोलीला बसलं. रंग खरवडायचं राहून गेलं.

पुढच्या काही वर्षांतलं मला नीट लावून सांगता येत नाही. मोहाची फुलं वेचायला गेलेला दादा रिकामी टोपली घेऊन यायचा, हे आठवतं. तासन् तास पितळी गुंडातल्या, म्हणजे हंड्यातल्या, पाण्याकडे बघायचा. त्याचे कपडे धुवायला काढले की खिशात भाताची शितं निघायची, पाखरांसाठी म्हणे. मग तो आपल्याशीच बोलायला लागला, मग कोणाशी तरी. एकदा चार दिवस सापडला नाही आणि तुमसर रोडच्या स्टेशनवर मिळाला, अनवाणी, गाड्यांना हात करत. एकदा तळ्यात गळ्यापर्यंत. एकदा मायच्या कपाळाला खोक पडली, ती कशानं ते तिनं कधीच सांगितलं नाही. नागपूरला नेलं तेव्हा मी बरोबर होते. तिथले डॉक्टर शांतपणे म्हणाले, दोनतीन महिने ठेवा, औषधानं फरक पडेल. माय खुर्चीतून उठली.

"मी नाई देत," ती म्हणाली.

अगदी त्याच आवाजात. मला अंगावर काटा आला आणि, खरं सांगते, अभिमानही वाटला.

गावात आल्यावर सगळ्यांनी तिला तेच म्हटलं. सुलतानाची माय ती, ती काय पोरगा देते. विडीचे कट्टे न्यायला येणारा माणूससुद्धा म्हणाला. आणि एक दिवस, त्याच्या जिवाच्या भीतीनं, तिनं धानाची खोली रिकामी केली, त्यात खाट टाकली आणि दाराला बाहेरून कडी-कुलूप लावलं. किल्ली कमरेला. दिवसातून दोनदा उघडायची, अंगणात उन्हात बसवायची, न्हाऊ घालायची, पुन्हा बंद. वीसबावीस वर्षं.

मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं. राखीला आणि मंडईला यायचे. खिडकीच्या गजांतून दादा हात बाहेर काढायचा आणि मी राखी बांधायचे. त्याची नखं मायनं स्वच्छ कापलेली असत. तुमसरला परतताना बसमध्ये मी रडायचे आणि तुमसर येईपर्यंत डोळे कोरडे झालेले असत. माय नाही देत म्हणाली म्हणून मला काही करावं लागलं नाही. हे मी कधी कोणाला बोलले नाही. आज दारापुढे बोलते आहे.

आणि मला खरा शेवट माहीत होता. नोकरीचा कागद आला तेव्हा पेढे द्यायला गुरुजींकडे गेले होते. फार थकले होते. म्हणाले, आता तू इतिहासाची बाई झालीस, तर ऐक. तिनं होकार दिला होता. खूप वाद घातला वजिरांशी, पण दिला. सुलतानाला कोंडलं, दार बुजवून टाकलं, आणि दहाबारा दिवस त्याचं ओरडणं वाड्यातल्या बायांना ऐकू येत होतं. मग त्याचा गळा दाबला. पुढे तिलाही पडद्याच्याच दोरीनं मारलं असं म्हणतात, आणि शहर तिच्यासाठी तीन दिवस बंद होतं. तिच्या कारंज्यांचं पाणी लोक प्याले, तिचं नाव घेतलं. मी विचारलं, मग गुरुजी, तिचं बरोबर होतं की मायचं? गुरुजी पेढा हातात धरून बसले. "तुझ्या आईला हे सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मला खिडकीशी उभं राहवेना. एकीनं दिला आणि दार बंद झालं. दुसरीनं दिला नाही आणि दार बंदच झालं. दाराला काय, ते कोणाचंच ऐकत नाही.

श्रावणात माय गेली. शेवटच्या दुपारी बाहेर झड लागली होती आणि तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता, विड्या वळणं सोडून सहा वर्षं होऊनसुद्धा. तिनं कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या मुठीत दिली. बोलली काही नाही. राख म्हणून दिली की सोड म्हणून दिली, हे मला कळलं नाही. तीन महिने मी झोपताना ती किल्ली उशाखाली घेते आणि सकाळी पुन्हा पर्समध्ये टाकते. भंडाऱ्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आता औषधं चांगली आहेत, पण फार उशीर केलात. मी सही करते म्हणाले. घरी येऊन भांडी घासता घासता मला एवढा हुंदका आला की हातातलं ताट पडलं.

"वेळ झाला, बाई," सोमाकाका म्हणाले. अंगणाच्या फाटकाशी ते आणि दवाखान्याचा माणूस उभे आहेत. त्यांच्यामागे दोन दांडगी पोरं, मंडईतून आलेली, मान खाली घालून.

मी उठले. पदर डोक्यावरून घेतला. दाराला हात लावला, माझं लहानपणचं बोट उमटलंय त्याच्या वर. माझा आवाज मायसारखा आहे असं सगळे म्हणतात.

"बाहीर ये, बाबू," मी म्हटलं. "आता तुले मारनारं कोनी नाई. माय उभी हाये बाहीर."

पलीकडे ढोलकी चालू होती. बराच वेळ फक्त तीच. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही, कारण मायनंही एकदाच म्हटलं होतं.

मग पोतं पडल्याचा आवाज आला. खाट सरकली.

दार आतल्या बाजूला उघडलं आणि मी आत वाकून इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याची आतली बाजू पाहिली. तिला रंग नव्हता. खालून हातभर उंचीवर, बसलेल्या माणसाची पाठ टेकते तिथे, लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. मी दाराची बाहेरची बाजू पाहिली. बरोबर त्याच उंचीवर निळा रंग नव्हता. मला वाटत आलं होतं की तो उन्हानं गेला. माय तिथे बसायची, सूप मांडीवर घेऊन.

दादा उंबऱ्यात उभा होता. पांढरी दाढी, डोळे बारीक केलेले, उजेडानं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग इकडेतिकडे पाहिलं, काहीतरी राहिल्यासारखं. मला कळेना. सोमाकाकांना कळलं. ते लगबगीनं घरात गेले आणि गडवा भरून घेऊन आले. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. माझा मोठा भाऊ गुडघ्यांवर बसला आणि त्यानं माझे पाय धुतले. बोटांच्या मधूनसुद्धा, सावकाश. मी त्याला थांबवू शकले नाही.

मग आम्ही चालत निघालो. त्याचा हात माझ्या हातात. कोणी त्याला धरलं नव्हतं. गल्लीतून मंडईच्या रस्त्यावर आलो तसे बांगड्यांच्या दुकानापुढचे लोक बाजूला सरले. पोरंसोरं बघत राहिली, त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसांनी ओळखलं. एका बाईनं हात जोडले. कोणी तरी पुटपुटलं, "सुलतान चालला." दादा मान खाली घालून हसला.

गाडीचं मागचं दार उघडं होतं. तो आत चढून बसला, शहाण्या मुलासारखा. दवाखान्याच्या माणसानं पाटीवर लावलेला कागद माझ्यापुढे केला. मी पेन धरलं. सहीची जागा मला दिसत होती. माणूस हळू आवाजात म्हणाला, "ताई, न्यायचं ना त्यांना?"

सोमाकाकांनी चटकन माझ्याकडे पाहिलं. दुकानांपुढची म्हातारी माणसंही पाहत होती. मला माहीत होतं, मी आता मायसारखंच म्हणणार. मी मच्छरदाणी बाजूला करणार आणि सगळे टाळ्या वाजवणार आणि संध्याकाळी मी कडी लावून तुमसरची बस धरणार.

तेव्हा गाडीच्या आतून आवाज आला. दबका, अगदी हळू, अडलेल्या माणसाला सांगावं तसा.

"'न्या त्याला' म्हण," दादा म्हणाला. "'न्या त्याला' म्हण ना, माय."

मी म्हणाले.